केलेले पुसता येत नाही तेव्हा काय करावे

एखादी गोष्ट हातून घडून गेली की मन पहिली धाव घेते ती तिला परत फिरवण्याकडे. तो फोन केला नसता, त्या कागदावर सही केली नसती, त्या संध्याकाळी तोंड बंद ठेवले असते, तर पुढचे सगळे वेगळे झाले असते, अशी उजळणी दिवसरात्र चालते आणि प्रत्येक उजळणीअंती माणूस पुन्हा तिथेच येऊन ठेपतो. घडून गेलेले न घडलेले करणे एवढी एकच गोष्ट देवालाही साधत नाही, अशा आशयाचे ॲगॅथॉन या ग्रीक नाटककाराचे वचन ॲरिस्टॉटलने उद्धृत केले आहे. ज्या संदर्भात त्याने ते घेतले तो संदर्भ वचनापेक्षाही उपयोगाचा आहे. निवड किंवा निर्णय हा पुढच्या गोष्टींबाबतच होऊ शकतो, ट्रॉय शहर लुटले गेलेले असावे असे आज कोणी ठरवू शकत नाही, असे तो सांगत होता. पश्चात्तापाने गांजलेला माणूस नेमके हेच अशक्य काम करत असतो. तो होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल रोज नव्याने निर्णय घेत बसतो.

येथे सुचवलेल्या रीतीचा गाभा थोडक्यात सांगता येईल. कृती कायमची झाली आहे. तिचे परिणाम, तिच्याबद्दलचे आपले आकलन आणि तिच्यामुळे आपल्या अंगावर आलेली देणी या गोष्टी मात्र अजून बदलू शकतात. जे बदलू शकते त्यावर काम करायचे आणि जे बदलत नाही त्याच्यावर डोके आपटणे थांबवायचे. हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात बराच काळ आपल्याला यातले काय कोणत्या बाजूचे आहे हेच कळत नाही, म्हणून पुढची बरीचशी कामे ही त्या छाननीची आहेत.

पश्चात्ताप समूळ नाहीसा करणे हे मात्र उद्दिष्ट नाही, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे. डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पैसे लावून खेळायच्या एका खेळात, आपण न निवडलेल्या पर्यायातून अधिक मिळाले असते हे समजल्यावर इतर माणसे हळहळत आणि पुढच्या वेळी ती हळहळ टाळण्याच्या दृष्टीने निवड करत. या रुग्णांना तशी हळहळ वाटत नव्हती आणि ते त्यातून शिकतही नव्हते. म्हणजे या बोचणीला काम आहे. तिच्याकडून ते काम करून न घेता आपण तिला नुसते सोसत राहतो, तिथे बिघडते.

पहिले काम : एक वाक्य

आपण काय केले ते कागदावर एका वाक्यात लिहावे. कोणी, कोणाला, केव्हा आणि काय, एवढे त्यात आलेच पाहिजे. हे काम पाच मिनिटांचे वाटते, पण त्याला कधी कधी आठवडा लागतो, कारण मन दोन्ही बाजूंनी पळवाटा काढते.

एक उदाहरण घेऊ. एका बाईंना त्यांच्या सहकारी मैत्रिणीने विश्वासाने सांगितले होते की तिचे मानसोपचार चालू आहेत. बाईंनी ती गोष्ट जेवणाच्या सुटीत दोन सहकाऱ्यांपुढे बोलून टाकली. ती फिरत फिरत वरिष्ठांच्या कानावर गेली आणि मैत्रिणीला मिळू घातलेली जबाबदारी दुसऱ्या कोणाला तरी देण्यात आली. आता या बाई कागद घेऊन बसल्या तर पहिले वाक्य बहुधा असे उतरते : ‘माझ्याकडून नकळत बोलले गेले आणि सगळे बिघडले.’ यात करणारा कोणी नाही आणि काय बोलले गेले तेही नाही. ते खोडल्यावर पेन थेट दुसऱ्या टोकाला जाते : ‘मी विश्वासघातकी आहे, माझ्याशी कोणी मैत्रीच करू नये.’ हे प्रामाणिक वाटते, पण ही पळवाट पहिल्यापेक्षाही पक्की आहे, कारण यात माणूस आहे आणि कृती गायब आहे. सगळा स्वभावच नासका ठरवला की दुरुस्त करण्याजोगे काही उरत नाही. आणखी दोनचार खोडाखोडींनंतर जे राहते ते साधारण असे असते : ‘कोणाला सांगू नकोस असे तिने बजावलेले असताना मी तिच्या उपचारांची गोष्ट दोघांना सांगितली, कारण त्या वेळी मला त्यांच्यात भाव खायचा होता.’

हे तिसरे वाक्य लिहिताना हात अडखळतो. पण त्यावर काम करता येते. काय केले ते त्यात आहे, कोणाचे नुकसान झाले ते आहे, आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून कशावर नजर ठेवायची तेही शेवटच्या तुकड्यात आहे.

कृतीबद्दलची अपराधी भावना आणि स्वतःबद्दलची लाज या वेगळ्या आहेत, ही मांडणी मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुइस यांनी १९७१ साली केली, आणि नंतरच्या संशोधनाने तिला बराच आधार दिला. ‘मी वाईट केले’ असे वाटणारा माणूस भरपाईकडे वळण्याची शक्यता अधिक असते. ‘मी वाईट आहे’ असे वाटणारा लपतो, टाळतो, आणि अनेकदा ज्याचे नुकसान केले त्याच्यावरच चिडतो. बाहेरून पाहणाऱ्याला दुसरा माणूस अधिक पश्चात्तापदग्ध भासतो, हा त्यातला विनोद आहे.

तेव्हा आपल्याला काय माहीत होते

वाक्य लिहून झाले की त्याखाली, ते करताना आपल्याला जे माहीत होते तेवढेच लिहावे. हे काम या सगळ्या रीतीत सर्वांत अवघड आहे आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

बरूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना १८१४ च्या सुमाराच्या ब्रिटिश आणि गुरखा संघर्षाची माहिती वाचायला दिली होती. काहींना शेवट सांगितला नाही. इतरांना निरनिराळे शेवट ‘प्रत्यक्षात घडलेले’ म्हणून सांगितले. मग कोणता शेवट किती संभाव्य होता असे विचारले, तेव्हा ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच आधीपासून अधिक संभाव्य वाटला. मिळालेली माहिती नसल्याचे समजून उत्तर द्या, अशी सूचना देऊनही हा कल जात नव्हता. परक्या देशांच्या जुन्या लढाईबाबत हे होते, तर आपल्याच घरातल्या घटनेबाबत काय होत असेल याची कल्पना करावी.

जवळचे माणूस आजारपणात गेल्यावर ‘आदल्या दिवशीच दवाखान्यात नेले असते तर’ हा विचार ज्यांना सोडत नाही त्यांनी तो आदला दिवस प्रत्यक्ष लिहून काढावा. वडिलांना थोडी धाप लागत होती. पण सकाळी ते स्वतःच्या पायांनी जिना उतरून खाली गेले होते. दुपारी नेहमीइतके जेवले. गेल्या वेळीही अशीच धाप लागली होती आणि दोन दिवसांत आपोआप कमी झाली होती. ‘जाऊ या का’ असे विचारले तेव्हा ‘उद्या बघू’ असे ते स्वतःच म्हणाले. एवढे लिहिल्यावर दिसते की त्या दिवशी डोळ्यांसमोर एक धोक्याचे चिन्ह होते आणि धीर देणारी चार होती. आज आठवणीत ते एकच चिन्ह ठळक उरले आहे, कारण पुढे काय झाले ते आज माहीत आहे.

शेवट विसरून विचार करा असे नुसते स्वतःला बजावून उपयोग नसतो, हे वरच्या प्रयोगावरून लक्षात येईल. त्यापेक्षा एक दुसरी गोष्ट थोडी कामी येते. त्याच माहितीवरून गोष्टीचा वेगळा शेवट कसा होऊ शकला असता, तो मुद्दाम सविस्तर लिहायचा. धाप रात्रीत कमी झाली असती तर? दवाखान्यात नेऊनही तपासून परत पाठवले असते तर? पॉल स्लोव्हिक आणि फिशहॉफ यांनीच १९७७ साली दाखवले की उलट शेवटाची कारणे मांडायला लावल्यावर ‘हे तर दिसतच होते’ ही भावना कमी होते. पूर्ण जात नाही, पण कमी होते.

‘थोडक्यात चुकले’ याचाही त्रास वेगळा असतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ साली लोकांपुढे दोन प्रवाशांची गोष्ट ठेवली होती. दोघे एकाच गाडीतून, एकाच वाहतूककोंडीत अडकून, नियोजित वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा विमानतळावर पोहोचतात. एकाचे विमान वेळेवर सुटलेले असते, दुसऱ्याचे उशीर होऊन पाचच मिनिटांपूर्वी गेलेले असते. दोघांचेही विमान चुकले आणि दोघांचाही दोष सारखाच, तरी दुसरा अधिक हळहळेल असे ९६ टक्के लोकांनी सांगितले. तेव्हा आपली हळहळ मोजताना हे तपासावे की ती आपल्या चुकीच्या आकाराची आहे की नुसती त्या पाच मिनिटांच्या जवळिकीची. यातली दुसरी तितकीच टोचते, पण तिच्यामागे नेहमीच दोष असतो असे नाही.

ही छाननी उलट दिशेनेही करावी लागते, याचा मात्र फार जणांना विसर पडतो. वरच्या उदाहरणातील बाईंनी ‘तेव्हा काय माहीत होते’ हे लिहिले, तर उत्तर येईल : मैत्रिणीने बजावले होते, गोष्ट नाजूक आहे हे कळत होते. तिथे सूट मिळत नाही. छाननीचा हेतू सुटका हा नाही. कधी ती दोष हलका करते, कधी तो होता तितकाच ठेवते, आणि क्वचित आपण इतके दिवस ज्याला ‘चूक’ म्हणत होतो ती खरे तर जाणूनबुजून केलेली गोष्ट होती हे दाखवते. जे निघेल ते मान्य करावे.

यालाच जोडून जबाबदारीची वाटणी करावी. मानसोपचारात वापरली जाणारी एक पद्धत अशी आहे की घटनेला हातभार लावणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी करायची, त्यांना अंदाजे वाटे द्यायचे आणि स्वतःचा वाटा सर्वांत शेवटी लिहायचा. आधी लिहिला तर तो शंभरच्या घरात जातो आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही. गोष्ट पुढे पसरवणारे दोघे होते, उपचार घेणाऱ्या माणसाला कमी लेखणारे वरिष्ठ होते. त्यांचे वाटे त्यांना दिल्यावर जो उरतो तो आपला, आणि त्या वाट्यापुरते मात्र कोणाकडेही बोट दाखवायचे नाही.

काहींच्या वाट्याला शून्य येते आणि तरीही मन मानत नाही. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली अशा ट्रकचालकाचे उदाहरण दिले होते, ज्याच्या ट्रकखाली त्याची काहीही चूक नसताना मूल येते. लोक त्याचे सांत्वन करतील आणि तसे करणे योग्यच आहे. पण त्याने ‘माझी चूक नव्हती’ म्हणून लगेच खांदे झटकले तर आपल्यालाच ते विचित्र वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. अशा माणसाला ‘तुझा दोष नाही’ हे शंभरदा ऐकवून फारसा उपयोग होत नाही. दोष नसतानाही आपल्या हातून घडले याचे दुःख होऊ शकते, ते दुःख दोषाचा पुरावा नाही, एवढे कोणी तरी मान्य केले तर त्याला थोडा श्वास घेता येतो.

देणे कसे द्यावे

आता बदलू शकणारा भाग. ज्याचे नुकसान झाले तो माणूस हयात असेल, भेटण्यासारखा असेल, तर त्याला नेमके काय हवे आहे हा पहिला प्रश्न. आपल्याला काय हलके वाटेल हा नंतरचा.

माफी मागण्याबाबत रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ सालचा अभ्यास उपयोगी आहे. त्यांनी माफीचे सहा भाग तपासले : खेद, घडल्याचे स्पष्टीकरण, जबाबदारीची कबुली, पुन्हा असे न करण्याचा निश्चय, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांच्या लेखी सर्वांत वजनदार ठरली ती जबाबदारीची कबुली, त्याखालोखाल भरपाईची तयारी. सर्वांत कमी वजन होते ते ‘मला माफ कर’ या विनंतीला. आपण बहुतेक जण माफी मागताना नेमका याच शेवटच्या भागावर जोर देतो.

त्या बाईंनी मैत्रिणीला लिहायचे झाले तर मजकूर फार मोठा नको. ‘तू कोणाला सांगू नकोस म्हणाली असताना मी तुझ्या उपचारांबद्दल दोघांना सांगितले. ती जबाबदारी तुझ्या हातून गेली त्यात माझ्या या बोलण्याचा हात आहे. वरिष्ठांना मी स्वतः भेटून, ही गोष्ट मी पसरवली आणि तिचा तुझ्या कामाशी संबंध नाही, असे सांगायला तयार आहे. पण तुला ते नको असेल तर मी काहीही करणार नाही. तू उत्तर द्यावेस अशी अपेक्षा नाही.’ यात ‘पण माझा हेतू वाईट नव्हता’ हे वाक्य कुठेही नाही. ते लिहिण्याचा मोह अनावर होतो आणि त्या एका वाक्याने बाकी सगळ्यावर पाणी पडते. आपल्याला किती त्रास होतो आहे, झोप कशी येत नाही, याचे वर्णनही नको, कारण ते वाचून समोरच्यावर आपले सांत्वन करण्याची पाळी येते. भरपाईची कृतीही परस्पर करायची नाही, हे या मजकुरात मुद्दाम घातले आहे. आधीच एकदा तिच्या वतीने तोंड उघडून झालेले आहे.

माफी एकदाच मागावी. उत्तर आले नाही तर महिन्याभराने ‘माझे पत्र मिळाले का’ असे विचारणे म्हणजे वसुलीला जाणे होय. समोरच्याने माफ करण्यास नकार दिला तर तो त्याचा अधिकार आहे आणि त्याने आपले देणे रद्द होत नाही.

काही वेळा मात्र जाऊच नये. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारूचे व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी नववी पायरी अशी आहे की ज्यांचे नुकसान केले त्यांची प्रत्यक्ष भरपाई करावी, परंतु तसे केल्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल तर करू नये. हा अपवाद अनुभवातून आलेला असावा. ज्याने आपल्याशी संबंध तोडून आयुष्य पुन्हा उभे केले आहे त्याच्या दारात मन मोकळे करायला उभे राहणे ही दुसरी आगळीक ठरते. आणखी एक व्यावहारिक सूचना : अपघात, पैशाचे व्यवहार किंवा न्यायालयात जाऊ शकेल अशी बाब असेल तर काहीही लिहून देण्यापूर्वी वकिलाशी बोलावे. त्यामुळे माफीची किंमत कमी होत नाही.

माणूस हयातच नसेल, तर सरळ भरपाई संपली हे स्पष्टपणे मान्य करावे लागते. इथे लोक पुष्कळदा एका सापळ्यात अडकतात. भरपाईची वाट बंद असली की माणसे स्वतःला शिक्षा करू लागतात, हे रॉब नेलिसन आणि मार्सेल झीलेनबर्ग यांच्या २००९ सालच्या प्रयोगांतही दिसले होते. आवडीचे काही करायचे नाही, चांगले काही घडले तर ते उपभोगायचे नाही, कोणी जवळ आले तर दूर ढकलायचे, असे चालू होते आणि त्याला मनातल्या मनात फेड म्हटले जाते. पण ही फेड कोणाच्याच पदरात पडत नाही. गेलेल्याला ती पोहोचत नाही आणि घरातल्या जिवंत माणसांना तिचा भुर्दंड बसतो. त्याऐवजी, ज्या जागी आपण कमी पडलो त्याच जागी दुसऱ्या कोणासाठी उभे राहणे हा निदान कोणाच्या तरी उपयोगी पडणारा मार्ग आहे. आजारी आईला वेळ दिला नाही, तर कोणा एकट्या आजारी माणसाजवळ दर आठवड्याला ठरलेल्या वेळी जाऊन बसावे. ते काम नियमाने करावे आणि त्याचा गाजावाजा करू नये. त्याने आईचे देणे फिटते, अशी समजूत मात्र करून घेऊ नये.

‘स्वतःला माफ करा’ हा सल्ला कधी घ्यावा

हा सल्ला फार लवकर आणि फार स्वस्तात दिला जातो. कृतीची अपरिवर्तनीयता, म्हणजे केलेले परत फिरवता न येणे, हा विषय राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांनी १९५८ साली सविस्तर मांडला. केलेल्या कृतीच्या परिणामांतून माणसाला मोकळे करणारी एकच शक्ती आहे, ती म्हणजे क्षमा, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र क्षमा ही दुसऱ्याकडूनच मिळू शकते, एकांतात स्वतःला देता येत नाही, असेही त्यांनी बजावले होते. दुसऱ्या बाजूने, कॅनडातील विद्यार्थ्यांवरील २०१० सालच्या एका अभ्यासात असे आढळले की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले ते पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल करत होते.

माझ्या मते दोन्ही खरे असण्यात अडचण नाही. चालढकलीत नुकसान स्वतःचेच होते, म्हणून माफ करण्याचा अधिकारही स्वतःचाच. दुसऱ्याचे नुकसान केले असेल तिथे स्वतःला करता येते ती फक्त छळ थांबवण्याची गोष्ट, आणि तीही वाक्य लिहून, छाननी करून, शक्य ती भरपाई देऊन झाल्यावर. तोवर मनाला थोडी टोचणी राहू द्यावी. भरपाई झाल्यानंतरही जो स्वतःला फटके मारतच राहतो, त्याने स्वतःला विचारावे की हे आता नक्की कोणासाठी चालले आहे.

रात्रीच्या वेळचे

दिवसा हे सगळे पटते आणि रात्री उलटते. विचार जबरदस्तीने दाबू नये. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात ज्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले त्यांच्या मनात तो वारंवार येतच राहिला, आणि बंदी उठल्यावर तर अधिकच आला. दाबण्याऐवजी त्या विचाराला दिवसातली एक ठरावीक वेळ द्यावी. संध्याकाळी अर्धा तास, एकच खुर्ची, कागद आणि पेन. इतर वेळी विचार आला की ‘सहा वाजता’ असे म्हणून हातातल्या कामाकडे परतावे. काळजी करण्याच्या सवयीवर ही रीत १९८० च्या दशकापासून वापरली जाते आणि हळहळीलाही ती लागू पडते. त्या अर्ध्या तासात ‘मी असे का केले’ यापेक्षा ‘आता यातले कोणते काम बाकी आहे’ हा प्रश्न घ्यावा. पहिल्या प्रश्नाला अंत नाही. दुसऱ्याचे उत्तर कधी कधी ‘काही नाही’ असे येते, आणि ते स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावे.

सविस्तर लिहिण्याचाही उपयोग होतो. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थी चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहीत होते. लिहिल्या लिहिल्या त्यांना अधिक वाईट वाटले, पण पुढच्या महिन्यांत त्यांचे आरोग्यकेंद्रात जाणे कमी झाले. तेव्हा पहिल्या दिवशी त्रास वाढला म्हणून लगेच वही मिटू नये.

न केलेल्या गोष्टींची रुखरुख याहून चिवट असते. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक यांनी १९९० च्या दशकात दाखवले की नजीकच्या काळात माणसांना केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप अधिक होतो आणि दीर्घकाळात न केलेल्यांचा. केलेल्या गोष्टीचे परिणाम कधी तरी संपतात. न केलेल्या गोष्टीतून काय काय झाले असते याला मात्र हद्द नसते आणि दर वर्षी त्यात भर पडते. यावर उपाय म्हणून त्या न जगलेल्या आयुष्याचाही खर्च लिहावा. न घेतलेल्या नोकरीत फक्त यशच मिळाले असते असे कोणी सांगितले? त्या कल्पनेतल्या आयुष्यालाही भाडे, भांडणे आणि आजारपणे लावून पाहावीत. आणि जे अजून करता येण्यासारखे आहे, भले लहान प्रमाणात, ते वेगळे काढून त्याची तारीख ठरवावी.

मदत केव्हा घ्यावी हेही येथेच सांगतो. स्वतःला दोष देणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू असेल आणि त्यासोबत झोप, भूक किंवा कामातले लक्ष बिघडले असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर हा नुसता पश्चात्ताप राहिलेला नसण्याची शक्यता आहे. अवाजवी अपराधी भावना हे नैराश्याच्या आजाराचे मान्य लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. आपण जगायला लायक नाही असा विचार येत असेल तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

कोणी विषय काढला तर

सगळे केल्यावरही, काही वर्षांनी कधी तरी ज्याचे नुकसान झाले तोच माणूस बोलता बोलता ती गोष्ट काढतो. चारचौघांतही काढू शकतो. त्या वेळी बहुतेक जण एक तर गप्प होतात, नाही तर पुन्हा पहिल्यापासून माफी मागू लागतात आणि बोलणाऱ्याचे बोलणे तिथेच तुटते. त्यापेक्षा आधी लिहिलेले ते एक वाक्य अशा वेळी कामी येते. ‘हो, ते मी केले होते’ एवढे म्हणावे, आणि त्याला पुढे काय सांगायचे आहे ते मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावे. त्याच्या आठवणीतला एखादा तपशील चुकलेला असेल, तर तो त्या वेळी दुरुस्त करायला जाऊ नये. त्याने काही मागितले आणि ते देण्यासारखे असेल तर द्यावे. देण्यासारखे नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. मग त्याने विषय बदलला की आपणही बदलावा.